साहेबांनी न ऐकलेले दोन शब्द

तुम्ही खोटं लिहिलंय. अहवालाच्या शेवटी जी ओळ आहे, 'कसरतीच्या उड्डाणादरम्यान वैमानिकाचे विमानावरील नियंत्रण सुटले', ती खोटी आहे, आणि लिहिताना तुम्हाला ते ठाऊक होतं. चुकून लिहिली असती तर तुमच्या दारात येऊन एकदा कडकडून भांडले असते आणि घरी गेले असते. पण ज्याने ती ओळ लिहिली त्याचं टेबल आणि त्या ओळीमुळे जो वाचला त्याचं टेबल, ही दोन्ही तुमच्या उड्डाण खात्यात एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली आहेत. मी स्वतः पाहून आलेय.

मी कोण ते सांगते, म्हणजे उगाच शोधाशोध नको. तो वैमानिक माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा हातभर उंच झाला तरी घरात त्याला बारक्याच म्हणायचे, आणि विमानतळावरही तेच चिकटलं. मी लोकांना मोटार चालवायला शिकवते. माझी शाळा म्हणजे एक जुनी गाडी, छपरावर पाटी, आणि माझ्या पायाशी जादा ब्रेक. लिहायला मला कोणी शिकवलेलं नाही. त्यामुळे तुमच्यासारखं 'सुटले', 'आढळून आले', 'निष्पन्न झाले' असं बिनमाणसाचं वाक्य मला जमत नाही. सुटलं तर कोणाच्या हातून सुटलं, एवढंच मला विचारता येतं.

ज्यांनी अहवाल वाचला नाही त्यांच्यासाठी आधी घडलं ते सांगते.

बारक्या विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबात कसरतीचं उड्डाण शिकवायचा. दोन माणसांचं छोटं विमान, एकामागे एक बसायचं, दोघांवर मिळून काचेचं एकच झाकण. दोघांच्याही गुडघ्यांमध्ये विमान वळवायची एकेक स्टिक, म्हणजे दांडा, असते, आणि त्या खालून एकमेकींना जोडलेल्या असतात. पुढच्याने पोटाशी ओढली की मागचीही पोटाशी येते. ज्याच्या जबाबदारीवर विमान आहे तो मागे बसतो. त्या सकाळी मागे बारक्या होता, आणि पुढे तुमच्या खात्याचे परीक्षक साहेब, त्याची वार्षिक तपासणी घ्यायला आलेले. दोघं वर गेले, सुळकांड्या मारल्या, कोलांट्या घेतल्या, आणि मग स्पिनमध्ये गेले.

स्पिनला बारक्या घरी गिरकी म्हणायचा. विमान मुद्दाम इतकं हळू करायचं की एक पंख उडायचंच सोडून देतो, आणि मग ते स्वतःभोवती गरागरा फिरत खाली यायला लागतं. यात शौर्य काही नाही, म्हणायचा. शिकायचं ते त्यातून बाहेर पडायला. इंजिन अगदी मंद करायचं, स्टिक मोकळी सोडायची, फिरण्याच्या उलट बाजूचं पेडल पायाने दाबून धरायचं. विमानाला स्वतःलाच सरळ उडायला आवडतं, आपण फक्त मधून हात काढायचा. आणि घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. जमीन नाकासमोर फिरताना दिसली की तो स्टिक छातीशी कवटाळून बसतो. तसं धरून ठेवलं की गिरकी संपत नाही, मग मागे कितीही हुशार माणूस बसलेला असो.

त्या दिवशी विमान गिरकीतून बाहेर आलं ते फार उशिरा. साहेबांनी झाकण उघडून उडी मारली, पॅराशूट उघडलं, पाय मोडला, वाचले. बारक्या आतच राहिला. धावपट्टीपलीकडच्या शेतात विमान पडलं.

अहवाल द्यायला तुम्ही माझ्या दारात गाडी पाठवलीत. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. पाण्याचं बिल चुकीचं आलं म्हणून चार खेटे घातले तेव्हा कोणी खुर्चीही दिली नव्हती, आणि इथे गाडी, ड्रायव्हर, वर 'सावकाश उतरा मॅडम'. चौकशी अधिकाऱ्याने मी बसायच्या आत कॉफी मागवली. माणूस न विचारता गोड बोलायला लागला की मी आधी माझी पर्स कुठेय ते बघते.

कॉफी गार होईपर्यंत मी अहवाल वाचला. त्यातली तीन वाक्यं मला पाठ झालीत. एक: 'वैमानिकाने विमान सोडून देण्याचा आदेश दिला व परीक्षकांनी त्याचे पालन केले.' दोन: 'वैमानिकाने स्वतः पॅराशूटचा वापर का केला नाही हे समजू शकले नाही.' आणि तिसरं, जे वाचून मी कप खाली ठेवला: 'सदर पॅराशूटची घडी कोणी घातली होती याचाही विचार व्हावा.'

कोणी घातली होती ते सगळ्या क्लबाला ठाऊक आहे. माझ्या भावजयीने. बारक्याच्या बायकोने. क्लबाची सगळी पॅराशूट तीच घडी घालते, साहेबांनी जे वापरलं तेसुद्धा तिनेच घडी घातलेलं.

"हे तिसरं वाक्य कशाला?" मी अधिकाऱ्याला विचारलं.

"आम्ही कोणावर आरोप करत नाही आहोत, मॅडम. फक्त विचार व्हावा."

"कोणी करायचा विचार?"

तो हसला. "तसं ते सर्वसाधारण आहे."

आता खरं सांगायचं तर हे सर्वसाधारण वाक्य मला लागू पडलं. मी विचार करायला लागले. कारण अपघातापासून भावजय बोलेनाशी झाली होती. फेरचौकशीच्या अर्जावर मी सही केली, आमच्या आईने केली, आणि ही म्हणाली, राहू द्या. ज्या बाईचा नवरा गेला ती 'राहू द्या' म्हणते? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी रात्र तशीच काढली आणि सकाळचे दोन शिकाऊ परत पाठवून विमानतळावर गेले.

पॅकिंगची खोली बोगद्यासारखी लांब. मधोमध तेवढंच लांब टेबल, त्यावर पांढरंशुभ्र कापड पसरलेलं, आणि एका टोकाला भावजय उभी राहून त्याच्या दोऱ्या बोटांनी सारख्या करत होती. कंगव्याने केस विंचरावेत तशा.

"बसा, वन्सं," ती वर न बघता म्हणाली.

एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, पारा चढलाय.

"बसायला नाही आले. सही का करत नाहीस ते विचारायला आले."

"फेरचौकशी करून तो परत येणारे का?"

"तो नाही येणार. तुझ्यावर जे शिंतोडे उडवलेत ते तरी पुसले जातील."

"माझं नाव कुठे लिहिलंय त्यात?"

"घडी कोणी घातली असं लिहिलंय. या खोलीत घड्या कोण घालतं दुसरं? मांजर?"

 दोऱ्यांवरून बोटं फिरत राहिली. मला ते सहन होईना.

"माझ्याकडे बघ," मी म्हणाले. "त्या पॅराशूटमध्ये काही होतं का?"

तिने दोऱ्या खाली ठेवल्या. गुंता होणार नाही अशा, एकीशेजारी एक. मग माझ्याकडे बघितलं. तशा नजरेने तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा बघू नये.

"त्यांनी ते माझ्यासमोर उघडून बघितलं, वन्सं. झकास उघडलं. दोरी न दोरी जागेवर. तेच तर आहे."

"तेच काय?"

"चांगलं होतं ते. त्याने उघडलंच नाही."

मग ती स्टुलावर बसली आणि मी न विचारता बोलायला लागली. आमच्या घरात एक जुनी थट्टा आहे. ही पॅराशूटच्या घड्या अशा घालते की बघत राहावं, पण घरातल्या चादरी म्हणजे नुसती बोचकी. कपाट उघडलं की अंगावर येतात. बारक्या तिला रोज चिडवायचा.

"त्या दिवशीही चिडवलं," ती म्हणाली. "कपाट उघडून उभा राहिला आणि म्हणाला, असं पॅराशूट घालत असशील तर आमचं कठीण आहे बाई. रोज मी हसायचे. त्या दिवशी डोकं दुखत होतं माझं. मी म्हटलं, एवढी भीती वाटते ना, मग मारू नकोस उडी."

तिने टेबलावरच्या कापडाची कड बोटांनी सारखी केली.

"साहेबांना म्हणाला, उडी मारा. आणि स्वतः बसून राहिला. आयुष्यात कधी माझं ऐकलं नाही, ताई. ढिगाने सांगितलं, एक नाही ऐकलं. आणि हे ऐकलं."

खात्यातल्या लोकांनो, तुम्ही कॉफी पीत जे सर्वसाधारण वाक्य लिहिलंत ते या बाईच्या उशाशी जाऊन बसलंय. मला बारक्याच्या नावाची काळजी होतीच. पण तो गेला, त्याला आता कोणी काही म्हटलं तरी ऐकू येत नाही. हिला ऐकू येतं. म्हणून मी हा विषय सोडणार नाही.

तेवढ्यात दारात कोणी खाकरलं. क्लबाचा एक मेकॅनिक, हातात फडकं घेऊन उभा. क्लबात मेकॅनिक तीन आहेत, त्यातला कुठला ते मी सांगणार नाही, शोधत बसा.

"ताई, एक बोलू का? माझं नाव येणार नसेल तर."

"नाव राहू दे, आधी आत ये. दारात उभा राहून बोलणारा माणूस अर्धंच बोलतो."

तो आत आला. फडक्याने स्वच्छ हात पुन्हा पुसायला लागला. माझा त्याच्यावरही विश्वास नव्हता. अपघातानंतर तुमची माणसं त्याच्याशी तासभर बोलली होती, आणि बाहेर आल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की काही विशेष नाही. तासभर काही विशेष नाही?

"वहिनी म्हणतायत ते मी ऐकलं," तो म्हणाला. "पण बारक्यादादा असं बोललाच नव्हता. उडी मारा असं."

"तुला काय माहीत?"

"हँगरमध्ये रेडिओ लावलेला असतो ना. मी खालीच होतो. स्टिकवर रेडिओचं बटण असतं. कोणी मूठ आवळली की ते दाबलं जातं आणि विमानातलं सगळं आमच्याकडे ऐकू येतं. बारक्यादादाची मूठ कधी आवळली नाही, तो दोन बोटांत स्टिक धरायचा, पेन धरावं तसा. नवशिकं पोर पुढे असलं की मात्र आम्हाला फुकटचं नाटक ऐकायला मिळायचं."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही ऐकू आलं."

"काय? शब्दाला शब्द सांग. तुझा अर्थ नको."

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "सोडा. सोडा साहेब. अहो, सोडा. एवढंच. तीनदा. मग खाडकन आवाज, आणि रेडिओ बंद."

भावजय स्टुलावरून उठली. इतक्या हळू उठली की स्टुलाचा आवाजही झाला नाही.

"सोडा?" ती म्हणाली. "बाहेर नाही?"

"बाहेर नाही, वहिनी. सोडा."

हे तिला आणि मला कळलं, तुम्हाला कळणार नाही, किंवा कळून घ्यायचं नाही. म्हणून उलगडून सांगते.

बारक्या शाळेत असताना सुट्टीत माझ्या गाडीत मागे बसायचा. माझा शिकाऊ घाबरला की स्टिअरिंगला घोरपडीसारखा चिकटतो. मग मी म्हणते, "सोडा. हात सोडा. गाडी सरळ जाईल." रोजचा शब्द आहे तो माझा. एकदा एक सद्गृहस्थ शिकायला आले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, घड्याळ असं की नजर हटू नये. मोठ्या चौकात त्यांची पाचावर धारण बसली. मी म्हणाले, "सोडा. अहो, सोडा." तर गृहस्थांनी दार उघडलं, खाली उतरले, आणि चालायला लागले. गाडी सोडली हो त्यांनी. चालती गाडी चौकात सोडली. मी माझा ब्रेक दाबून बसले आणि मागे बारक्या हसून हसून सीटखाली गेला. फुटपाथवर पोचल्यावर गृहस्थ म्हणाले, "तुम्हीच म्हणालात सोडा."

ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली की भिंतींनाही पाठ असेल. बारक्या शिकवायला लागला तेव्हा त्याने तिच्यावरून नियम काढला. उडायच्या आधी प्रत्येकाला, मग तो पोरगा असो की आजोबा, विमानाशेजारी उभं करून दोन शब्द सांगायचा. 'सोडा' म्हटलं की हातातली स्टिक सोडायची, दुसरं काही नाही. 'बाहेर' म्हटलं की विमान सोडायचं, आणि ते मी तीनदा ओरडेन. दोन्ही शब्द परत म्हणून दाखवल्याशिवाय तो कोणाला चढू द्यायचा नाही. आजवर त्याने 'बाहेर' कधीच म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशीही नाही.

"नुसतं आदेश, आदेश," मी मेकॅनिकला म्हणाले. "अहवालात आदेश आहे. शब्द का नाही?"

"मी सांगितला होता त्यांना शब्द."

"कोणाला?"

"चौकशीवाल्यांना. त्यांनी लिहूनही घेतला. मग म्हणाले, हे बाहेर बोलू नका, चौकशी चालू आहे. माझं लायसन्स त्यांच्याकडेच नवं व्हायला पडलंय, ताई. घरात खाणारी पाच तोंडं आहेत."

त्याला मी काही बोलले नाही. बोलायचं होतं ते तुमच्यासाठी ठेवलं.

"पण साहेबांना हे दोन शब्द सांगितले असतील ना त्याने?" मी विचारलं.

उत्तर भावजयीने दिलं. साहेबांच्या अंगावर पॅराशूटचे पट्टे तिनेच आवळले होते, ती शेजारीच उभी होती.

"बारक्या म्हणाला, साहेब, उडायच्या आधी दोन शब्द सांगायचेत. तर साहेब हसले. म्हणाले, दोन शब्द? सत्कार आहे की काय माझा? भाषण खाली आल्यावर करा. आणि चढलेसुद्धा."

"आणि बारक्याने चढू दिलं?"

"परीक्षक होता तो, ताई. बारक्याचा कागद त्याच्या हातात होता. बारक्या माझ्याकडे बघून नुसते खांदे उडवून गेला." मग ती थांबली. काहीतरी आठवत होती. "आणि बसता बसता साहेब म्हणाले, आज जरा मीही हात साफ करून घेतो, किती दिवसांत गिरकी घेतली नाही."

हे अहवालात काय आहे ठाऊक आहे? 'परीक्षक केवळ निरीक्षण करत होते.'

आम्ही तिघं त्या लांब टेबलाभोवती उभे होतो. पहिल्यांदाच मला सगळं समोर मांडून दिसलं. साहेबांनी हात साफ करायला स्टिक घेतली. गिरकी सुरू झाली. जमीन फिरायला लागली आणि साहेबांनी स्टिक पोटाशी कवटाळली, मूठ आवळली, बटण दाबलं गेलं. बारक्या मागून म्हणाला, सोडा. साहेबांना पहिला शब्द कोणी सांगितलाच नव्हता, कारण त्यांना वेळ नव्हता. त्यांनी त्या बँकवाल्या गृहस्थांसारखं केलं. स्टिक सोडली खरी, पण विमानासकट.

तुमच्याच अहवालात, मधल्या पानावर, लिहिलंय की जमिनीवर आदळण्यापूर्वी विमानाची गिरकी थांबलेली होती आणि नाक वर येत होतं. साहेब गेल्याबरोबर थांबली. कशी थांबली हो? ज्याचं नियंत्रण सुटलं म्हणता, त्या माणसाने मागे एकट्याने, झाकण उडालेल्या विमानात, पायाने पेडल दाबून ती थांबवली. खाली उंची उरली असती तर तो उतरून आला असता आणि संध्याकाळी आम्हाला साहेबांची नक्कल करून दाखवली असती.

"म्हणजे तो उडी न मारता थांबला," भावजय म्हणाली, स्वतःशीच बोलावं तसं, "ते विमान ऐकायला लागलं होतं म्हणून."

"ऐकायला लागलेलं विमान बारक्या सोडेल?" मी म्हणाले. "घरी तुझं ऐकत नव्हता, तो वर कशाला ऐकेल?"

ती हसली. मग टेबलावरच्या त्या कापडावर डोकं ठेवून रडली. अपघातानंतर पहिल्यांदा. मेकॅनिक बाहेर जाऊन उभा राहिला, आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. ज्या हाताने मी तिच्यावर बोट दाखवायला निघाले होते तोच हात. हेही तुमच्या हिशेबात लावतेय.

पण तिने सही केली नाही. म्हणाली, "ताई, हे आपण तिघांनी जुळवलंय. खरं वाटतंय कारण आपल्याला ते हवंय. साहेबांनी स्वतः म्हणू दे. मग मी झोपेन."

म्हणून मी पुन्हा तुमच्याकडे आले. या वेळी गाडी आली नाही.

चौकशी अधिकाऱ्याने अर्धं ऐकलं. मग पेन टेबलावर आपटत म्हणाला, "मॅडम, भावना समजतात. पण सोडा म्हणजे सोडाच ना? आता शब्दाचा कीस पाडण्यात काय अर्थ?"

"मग तुम्ही तो शब्द अहवालात का नाही लिहिलात? एवढा साधा शब्द आहे. आदेश लिहिण्यापेक्षा शाईही कमी लागली असती."

"आशय लिहिण्याची पद्धत आहे."

"आशय कोणी सांगितला तुम्हाला?"

त्याने नकळत मान वळवली. पंख्याखालच्या दुसऱ्या टेबलाकडे. तिथे एक काठी टेकवून ठेवलेली होती, आणि काठीचा मालक नेमका दारातून आत येत होता. लंगडत. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पाहिलं. राक्षस वगैरे नव्हते. माझ्या शिकाऊंसारखेच, नीट इस्त्रीचे, चष्मा पुसत असलेले, वयाने मोठे. मी उठून उभी राहिले.

"साहेब, मी बारक्याची बहीण."

ते थबकले. "हो का. फार वाईट झालं."

"एकच विचारते. तो तुम्हाला विमानात काय म्हणाला?"

"ते सगळं मी लिहून दिलंय."

"लिहिलेलं मी वाचलंय. बोललेलं सांगा."

अधिकारी म्हणाला, "साहेब, तुम्ही उत्तर द्यायला बांधील नाही." पण साहेबांना घाई होती, किंवा राग आला होता. रागात माणूस कधी कधी खरं बोलून जातो.

"सोडा म्हणाला. म्हणून मी सोडलं. अजून काय करायला हवं होतं मी?"

"काय सोडलंत?"

"म्हणजे?"

"सोडायला आधी हातात काहीतरी असावं लागतं, साहेब. त्याने सोडा म्हटलं तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

 साहेबांची उजवी मूठ आवळली गेली. काठीवर नव्हे. काठी अजून टेबलालाच टेकलेली होती. हवेतच, पोटासमोर, गुडघ्यांच्या वर जिथे स्टिक असते तिथे. मला दिसलं, तुमच्या अधिकाऱ्याला दिसलं, आणि साहेबांना स्वतःलाही दिसलं, कारण त्यांनी तो हात घाईघाईने खिशात घातला.

"मॅडम, वेळ संपली," अधिकारी म्हणाला आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. या वेळी कॉफी नाही.

मूठ म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. घाबरलेली माणसं रोज माझ्या शेजारी बसतात. मी त्यांना दोष देत नाही. साहेब घाबरले, ठीक आहे. आकाशात उलटंपालटं होताना मीही घाबरले असते. साहेबांना तुरुंगात टाका असं मी म्हणत नाही. पण घाबरलेल्या माणसाने खाली आल्यावर, प्लास्टर सुकल्यावर, मऊ खुर्चीत बसून आपली घाबरगुंडी मेलेल्या माणसाच्या नावावर चढवली. आणि तुम्ही, त्याच पंख्याखालच्यांनी, त्यावर शिक्का मारलात. परवा ऐकलं की साहेब पाय बरा झाल्यावर पुन्हा तपासण्या घेणार आहेत. म्हणजे पुन्हा कोणीतरी त्यांच्या मागे बसणार, आणि पुन्हा त्यांना सांगायचा दोन शब्दांचा विषय निघाला की साहेब विचारणार, सत्कार आहे की काय.

तर आता माझं ऐका. फेरचौकशीचा अर्ज मी पुन्हा दिलाय, भावजयीच्या सहीची जागा मोकळी ठेवून. ती जागा तुमच्या उत्तरासाठी थांबलीये. मला आशय नको, पद्धत नको, 'समजू शकले नाही' नको. गिरकी सुरू झाली तेव्हा स्टिक कोणाच्या हातात होती? माझ्या भावाने 'सोडा' म्हटलं, ते कोणाला, आणि काय सोडायला?

उत्तर दोन शब्दांत बसतं, एक माणसाचा आणि एक वस्तूचा. फक्त या वेळी ते तुम्हाला ऐकून घ्यायचे नाहीत, म्हणायचे आहेत. म्हणा.